पाणंदीतल्या चिखलात एक हंगाम काढलेला जॅक

माझं निम्मं काम शिरोलीच्या गॅरेजात आणि निम्मं उसाच्या रानात. गळीत हंगाम सुरू झाला की फोन ठरलेला : "मेस्त्री, मागच्या ट्रॉलीचं बेअरिंग गेलंय, पाणंदीत अडकलोय, मागं गाड्या थांबल्यात." ट्रॉली भरलेली असते. मोळ्या उतरवायच्या तर ऊसतोडीची टोळी परत बोलवावी लागते, आणि तोवर तोडलेला ऊस उन्हात वाळून वजन घटतं ते वेगळंच. त्यामुळे भरल्या ट्रॉलीला, आहे त्या चिखलात उचलायचं. या कामासाठी गेल्या दसऱ्याला मी तेलाच्या दाबावर चालणारा जॅक, म्हणजे २५ टनी सिलेंडर, हातपंप आणि दोघांना जोडणारी दोन मीटरची तेलाची नळी (होज) असा सेट घेतला. आता जून आला, म्हणजे आठ महिने झाले.

आधी माझ्याकडं २० टनी बाटली जॅक होता. गॅरेजच्या काँक्रीटवर त्याला नाव ठेवायला जागा नाही. रानात मात्र हँडल मारायला जॅकच्या शेजारीच बसावं लागतं, म्हणजे डोकं ट्रॉलीच्या पाट्याखाली. शिवाय जॅक कलला की हँडल चिखलात घासतं. तो जॅक शेवटी गेला आमच्याच चुकीनं. तेल कमी दिसलं म्हणून आमच्या पोरानं त्यात ब्रेक ऑईल ओतलं. जॅकच्या आतले रबरी सील खनिज तेलासाठी केलेले असतात, ब्रेक ऑईलनं ते फुगतात आणि मऊ पडतात. दोन दिवसांत उचललेली गाडी सावकाश खाली बसायला लागली. पोराला काय बोलणार? डबे शेजारी शेजारी मीच ठेवले होते.

नवीन घ्यायला निघालो तेव्हा दुकानदार आधी टन सांगायला लागला. टन म्हणजे काय ते समजून घेतलेलं बरं. हे सिलेंडर ७०० बारवर चालतं. माझ्या सिलेंडरच्या पिस्टनचा व्यास ६५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस सेंमी. ७०० बार म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे ७१४ किलो. गुणाकार केला की २३.७ टन येतात. स्टिकरवर २५ लिहिलेलं असतं ते पंप शेवटच्या टोकाला नेल्यावरही आपल्या हजार किलोच्या टनांत पुरतं भरत नाही. मी तर ताकद आणि स्ट्रोक (दांडा बाहेर येण्याची लांबी) दोन्ही ८० टक्क्यांपर्यंतच वापरतो.

दुसरी गोष्ट उंची. पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या ॲक्सलखाली जागाच कमी राहते. १५ सेंमी स्ट्रोकचं सिलेंडर बंद असतानाच २७ सेंमी उंच, ते आत जाईना. म्हणून १० सेंमी स्ट्रोकचं घेतलं, बंद उंची २१.५ सेंमी. एका दमात गाडी हवी तेवढी वर येत नाही हे खरं. मग थोडं उचलायचं, ॲक्सलखाली घोडी (लोखंडी टेकू) लावायची, सिलेंडर खाली आणून त्याच्याखाली ठोकळा सारायचा आणि परत उचलायचं. वेळ जातो, पण दर टप्प्याला भार घोडीवर असतो, मला तेच बरं वाटतं.

इथं माझी एक फसगत झाली. पैसे वाचवायला पंप लहान टाकीचा घेतला, ३०० सीसीचा. हिशोब घरी आल्यावर केला : ३३ चौरस सेंमी गुणिले १० सेंमी म्हणजे ३३० सीसी तेल लागणार. टाकीत तेवढं तेलच नाही! सिलेंडर नऊ सेंमीलाही पोचेना, पंप नुसता हवा खात होता. गेलो परत, जादा पैसे मोजून मोठ्या टाकीचा, दोन टप्प्यांचा पंप आणला. पहिल्या टप्प्यात तेल भराभर जाऊन सिलेंडर पटकन ॲक्सलला टेकतं, भार आला की दुसरा टप्पा. त्यात एका हँडलला २.५ सीसीच्या आसपास तेल जातं, म्हणजे पाऊण मिलिमीटर उचल. पाच सेंमी उचलायला ६५-७० वेळा हँडल मारावं लागतं. खांदा दुखतो, पण दोन मीटर लांब उभं राहून. सगळा सेट बाटली जॅकच्या सात-आठ पट महाग पडला, आणि या एका गोष्टीसाठी मला तो जड वाटला नाही.

जमिनीबद्दल कोणी बोलत नाही, आणि रानात खरा घोटाळा तिथंच होतो. सिलेंडरच्या तळाचा व्यास साधारण साडेआठ सेंमी. त्यावर पाच टन आले की दर चौरस सेंमीला जवळपास ८८ किलो. ओली काळी माती त्याच्यापुढं काय टिकणार? पहिल्याच कामाला, गडहिंग्लजच्या वाटेवर एका पाणंदीत, ट्रॉली वर यायच्या ऐवजी सिलेंडर खाली गेला. आता मी बाभळीच्या जाड फळ्या जोडून ६० बाय ६० सेंमीचा पाट केलाय आणि वर उद्यमनगरातून कापून आणलेली १६ मिमी जाड लोखंडी प्लेट. पाट नसेल तर सिलेंडर मातीत घुसतो, प्लेट नसेल तर फळीत. दोन्ही धरून दर चौरस सेंमीला दीड किलोच्या आत येतं. या पाट-प्लेटचं ओझं सिलेंडरपेक्षा जास्त आहे. सिलेंडर आठ किलोच्या आसपास, पोरगा एका हातात नेतो.

जानेवारीत एकदा रात्री साडेदहाला काम उरकलं, व्हॉल्व्ह सोडला, तर सिलेंडर खाली येईना. ट्रॉली अधांतरी, ट्रॅक्टरवाला म्हणतोय, "मेस्त्री, कारखान्यावर नंबर गेला माझा." मला वाटलं रॅम, म्हणजे सिलेंडरमधून वर येणारा दांडा, वाकला. निघालं काय, तर होज सिलेंडरला जोडणारा कपलर अर्धा आटा सैल. कपलरमध्ये गोळीचा व्हॉल्व्ह असतो, कपलर पूर्ण आवळला नाही की ती गोळी तेलाची परतीची वाट अडवते. भार असताना कपलरला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आधी दोन घोड्या आणि दुसरा एक बाटली जॅक, भार त्यांच्यावर, मग कपलर. तेव्हापासून होज जोडल्यावर हातानं शेवटपर्यंत फिरवून बघतो आणि काढल्या काढल्या धुळीची टोपी लावतो. उसाच्या पाचटाचा बारीक कचरा कपलरमध्ये गेला की तो थेट पंपात जातो.

पंपावर दाब दाखवणारा गेज लावून घेतला, तो मी आधी चैन समजत होतो. आता तो नसेल तर चुकल्यासारखं होतं. भरल्या ट्रॉलीच्या मागच्या ॲक्सलला १५० बार दिसले की पाच टन. काटा अचानक चढायला लागला की समजायचं, चाक कुठंतरी अडकलंय किंवा ट्रॉली कलतेय. पाच टनाच्या कामाला २५ टनी सिलेंडर कशाला, असं मित्र विचारतात. कलत्या गाडीचा आडवा भार रॅमवर येतो, जाड रॅम तो सोसतो, आणि कमी दाबावर सीलही सुखात राहतात.

एका ओळखीच्या फाउंड्रीत ॲल्युमिनियमचं सिलेंडर आहे, वजनाला माझ्या निम्म्याच्या आसपास. उचलून बघितलं, मोह झाला. पण माझं सामान टेम्पोत पान्ह्या-घणांसोबत आदळत असतं, ॲल्युमिनियमला ओरखडे लवकर पडतात, म्हणून पोलाद बरं.

आठ महिन्यांनंतरची स्थिती सांगायची तर, गॅरेजात खडूची खूण करून अर्धा तास भार धरून ठेवला, रॅम हलला नाही. घेतानाही हीच चाचणी दुकानात करून घेतली होती, आणि सील किट मिळतं का ते आधी विचारलं होतं. तेल एकदा बदललं, काळपट निघालं. रॅमच्या तोंडाचा वायपर (घाण आत जाऊ न देणारी रबरी कडी) मात्र चिखलानं झिजलाय, एका बाजूनं तेलाचा ओलावा दिसतो. पंपाच्या हँडलची रबरी मूठ डिसेंबरातच फाटली, तिथं सायकलची ट्यूब गुंडाळलीय. पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून रॅम पूर्ण आत घेऊन, पुसून, गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. वायपरचं किट आणून ठेवलंय, नागपंचमीच्या आसपास काम कमी असतं तेव्हा बसवीन.