साडेतीनशेचं लव्हेंडर

आमच्या पुण्यातल्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. तिथे रुपेरी पानांचं, वासाचं काहीतरी लावावं म्हणून डिसेंबरात फोनवर जाहिरात दिसलेल्या एका विक्रेत्याकडून ‘बारमाही लव्हेंडर’ची सहा रोपं मागवली. रोप ३५० रुपये, कुरिअरचे २५० वेगळे. सगळे पैसे आधी. २,३५० गेले.

रोपं आली ती तरतरीत. पानांवर पांढुरकी लव, बोट फिरवलं की गोडसर वास. पानं फारच बारीक चिरलेली वाटली म्हणून विचारलं, तर उत्तर तयार: “मॅडम, ही फर्नसारख्या पानाची जात आहे.” अशी जात लव्हेंडरमध्ये खरंच असते, म्हणून मी गप्प बसले.

मार्चमध्ये सासूबाई आल्या, जोतिबाच्या डोंगराखालच्या गावाहून. कुंडीशी वाकल्या, शेंडा चुरगळून हुंगला आणि हसतच सुटल्या. “अगं, ह्यो दवणा की गं! जोतिबाला वाहतो त्यो!” दर चैत्रात त्या पाठवतात ती काडी मी देव्हाऱ्यात ठेवत आले, पण वाळलेली, उभं रोप कधी पाहिलंच नव्हतं. “कितीला घेतलंस?” मी पन्नास रुपये सांगितले. तेही त्यांना जास्तच वाटले.

दवणा गुणाचाच, पण हंगामी. थंडीत पेरायचा, उन्हाळा तापायच्या आत कापायचा. फुलं पिवळी, मण्याएवढी. लव्हेंडर तुळशीच्या कुळातलं: कोवळं खोड चौकोनी, पानं समोरासमोर जोडीने. दवण्याचं खोड गोलसर, पानं एकाआड एक. खोड नुसतं दोन बोटांत फिरवलं तरी कळतं. लांबून घेत असाल तर पैसे देण्याआधी खोडाचा जवळून काढलेला व्हिडिओ मागा. आणि “पावसातही काही होत नाही” म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नका. जम्मूतल्या भदरवाहला थंड हवेत लव्हेंडरची शेती होते. आपल्याकडे पावसाळ्यात कुंडीत पाणी साचलं की त्याची मुळं कुजतात.

विक्रेत्याला पिवळ्या फुलांचा फोटो पाठवला. “दुसऱ्या वर्षी जांभळी येतील,” म्हणाला! पैसे परत मागितले तेव्हा ब्लॉक केलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. हातात पुरावा म्हणून यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट, एवढंच.

एप्रिलमध्ये दोन रोपं वाळून गेली. उरलेली चार सासूबाईंनी आधीच कापून चैत्र पौर्णिमेला जोतिबाला नेली होती.