पूर्ण उंचीचा प्लास्टिकचा सांगाडा: पावसाळा आणि हिवाळा वापरून झाल्यावर

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी शिकवणी आहे. अकरावी-बारावीचं बायोलॉजी आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी. तक्त्यावर पट्टी ठेवून हाडं शिकवायचा कंटाळा आला, म्हणून जूनमध्ये 170 सेंटिमीटरचा पीव्हीसीचा सांगाडा ऑनलाइन मागवला. दहा हजारांच्या आत बसला. कंपनीचं नाव घालत नाही; दोन ओळखीच्यांकडे वेगवेगळ्या नावांचे सांगाडे आहेत, पण गुणदोष माझ्यासारखेच.

कणा मात्र पैसे वसूल करतो. मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5 मणके सुटे सुटे ओळखता येतात. मानेचा पहिला नुसता कड्यासारखा, दुसऱ्याला वर खुंटी, पाठीच्यांचे काटे खाली झुकलेले, कमरेचे आखूड आणि दणकट. बाजूंनी पिवळ्या नसा बाहेर पडतात, मानेच्या मणक्यांच्या भोकांतून लाल धमनी वर कवटीकडे जाते. कमरेत एक चकती मुद्दाम लाल आणि फुगलेली केली आहे. चकती ‘सरकते’ म्हणजे अख्खी जागची हलत नाही, तिच्या बाहेरच्या कड्याला चीर पडून आतला मऊ गर बाहेर येतो आणि नस दाबतो, हे त्या लाल फुगवट्यावर बोट ठेवलं की एका मिनिटात कळतं. कळ कमरेत नाही तर पायात का उतरते, हेही तिथंच.

नर्सिंगच्या मुलींना खुब्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. कुल्ह्याच्या बाजूला इंजेक्शन द्यायची जागा शोधताना तळवा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, आणि मधलं बोट कडेनं मागं ताणायचं. दोन बोटांच्या मधल्या त्रिकोणात सुई. चित्रात ही जागा वर्षभर घोकली तरी हाताला सापडत नाही. इथं डोळे मिटून सापडते. रुग्णाच्या उजव्या बाजूला डावा हात लावायचा, हेही आपोआप लक्षात राहतं.

आता तक्रारी. खोक्यावर ‘206 हाडं’ छापलंय. कानातली इवलीशी 6 हाडं नाहीत, गळ्यातलं हायॉइड नाही, म्हणजे 199 वरच गाडी थांबली. मनगटाची 8 हाडं एकाच गोळ्यात ओतलेली, फक्त रेघा मारल्यात. हात टेकून पडल्यावर या आठांतलं जे हाड बहुतेक वेळा मोडतं ते स्कॅफॉइड वेगळं काढून दाखवताच येत नाही. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं, म्हणून मधोमध मोडलं तर कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो आणि जुळायला महिने घेतो. हे सगळं फळ्यावरच काढावं लागतं.

पण खरी अडचण खांद्याची, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाची, फऱ्याची. आमच्याकडे तालमीत जाणारा एक मुलगा आहे. त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, “मॅडम, ह्यो फरा बरगडीला बोल्टानं का आवळलाय? माझा तर पाठीवर फिरतोय की!” आणि शर्ट वर करून फिरवून दाखवला. बरोबर होतं पोराचं. फऱ्याचा बरगड्यांशी सांधा नसतोच, तो स्नायूंत तरंगतो. अख्खा हात धडाला हाडानं जोडलेला असतो तो एकाच ठिकाणी, गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथं. हात पूर्ण वर नेताना ढोबळमानानं दोन तृतीयांश हालचाल खांद्याच्या सांध्यात होते, उरलेली फरा फिरल्यामुळं. सांगाड्यात फरा जाम, म्हणून हात कानाजवळ नेला की स्क्रू करकरतो. खऱ्या खांद्याची खोबणही उथळ, म्हणून तो सहज निखळतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. त्याला धरून ठेवणारे स्नायू आणि बंध दाखवायची सोयच नाही. शेवटी दोन्ही बोल्ट काढले आणि फरा रबरी पट्ट्यांनी बांधला. दिसायला गबाळं, पण फिरतो.

त्याच मुलाचे कान कुस्तीनं सुजून घट्ट झालेत. “ह्याला कान न्हाईत, नाकबी न्हाई,” म्हणाला. कान आणि नाकाचा शेंडा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक कार्टिलेजचा, सांगाड्यात तो नसणारच. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. कान घासला-चिरडला की आवरण आणि कूर्चा यांच्यात रक्त साकळतं, कूर्चा मरते आणि तिथं घट्ट गाठ बनते. वेळेत रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. वस्तादांनी हे त्याला सांगितलं होतं, फक्त कारण माहीत नव्हतं.

या सांगाड्याबरोबर रविवारी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा गुडघा आणि उभी चिरलेली नळी आणाच. सांध्याच्या टोकावरची निळसर पांढरी चकाकती कूर्चा, बोटाला लागणारं बुळबुळीत वंगण, टोकाशी जाळीदार हाड, मधल्या पोकळीत मगज, म्हणजे हाडातली मज्जा. प्लास्टिकमध्ये हाड म्हणजे नुसती काठी वाटते, आणि आपल्या मज्जेत सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार होतात हे पोरांच्या गळी उतरत नाही. कोंबडीचं तंगडीचं हाड चार-सहा दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला: कॅल्शियम विरघळून जातं, उरतं ते कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन, हाड वाकतं. पांढऱ्या रश्शासाठी काढलेली अळणी (मटण शिजवलेलं पाणी) गार झाल्यावर थिजते, तीही याच कोलॅजनमुळं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर प्लास्टिक ठणठणीत आहे, लोखंड कच्चं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जबड्याच्या स्प्रिंगा आणि गुडघ्याचे स्क्रू तांबेरले, गुडघ्याच्या वाटीवर डाग पडले. सगळे स्क्रू स्टीलचे बदलले. स्टँडचा दांडा डुगडुगत होता, त्याला उद्यमनगरात लेथवर बुश करून घेतला. कंपनीला मेल केला होता, उत्तर नाही.

वर्गात शिकवणार असाल तर घ्या. एकट्यानं परीक्षेचा अभ्यास करायचा असेल तर एवढी जागा अडवू नका. तारेत ओवलेला सुटा हात आणि सुटा कणा मिळतो, तो पुरेल, आणि त्या हातात मनगटाची आठही हाडं वेगळी असतात. 85 सेंटिमीटरचा छोटा सांगाडा मात्र टाळा, त्यात मणक्यांचे फरक दिसतच नाहीत.