माशांच्या दाराची घंटा: युट्रेक्टची ‘फिश डोअरबेल’

आईला पाचच्या सुमारास जाग येते. एप्रिलभर आम्हा दोघींचा कार्यक्रम ठरलेला होता. तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवायचा आणि नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट शहरातल्या एका कालव्याचं पाणी बघत बसायचं. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच म्हणजे तिकडे रात्रीचे दोन. पडद्यावर हिरवट, गढूळ पाणी आणि एक बटण. मासा दिसला की ते दाबायचं. पैसे पडत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही.

यामागची अडचण आधी सांगते, कारण ती कळल्याशिवाय त्या पाण्याकडे दहा मिनिटंसुद्धा बघवणार नाही. युट्रेक्टच्या जुन्या शहराच्या उत्तरेला वेर्डस्लाउस नावाचं लॉक आहे. लॉक म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे. वसंतात मासे फेख्त नदीतून निघतात आणि शहर ओलांडून क्रोमे राइन नदीच्या दिशेने, अंडी घालायला जागा शोधत जातात. नेमक्या त्याच दिवसांत बोटींची ये-जा कमी असते, त्यामुळे दरवाजे बंदच राहतात. मासे दाराशी ताटकळतात आणि पाणकावळ्यांना आयतं सावज मिळतं. म्हणून २०२१ साली तिथे पाण्याखाली कॅमेरा लावला आणि घंटा वाजवण्याचं काम जगातल्या कोणावरही सोपवलं. बटण दाबलं की त्या क्षणाचा फोटो निघतो. जाणकार माणसं तो तपासतात आणि पुरेसे मासे जमले असले की लॉक सांभाळणारा माणूस येऊन हाताने दरवाजा उघडतो. एका घंटेला एकदा दार, असा हिशोब नाही.

जगातल्या अशा विलक्षण गोष्टी मी वर्षानुवर्षं गोळा करत आले आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९३० पासून एका नरसाळ्यातून डांबरासारखा घट्ट पदार्थ गळतो आहे. नववा थेंब २०१४ मध्ये पडला. त्याचं थेट प्रक्षेपणही मी तासन् तास पाहिलं आहे आणि मला ते फार आवडतं. पण तिथे फक्त पाहायचं असतं. युट्रेक्टच्या पाण्यात मात्र माझ्या लक्ष असण्या-नसण्याने एखाद्या माशाची रात्र बदलू शकते. एवढ्या एका कारणासाठी मी ही सेवा सगळ्यांत वर ठेवते.

मासे रोज दिसत नाहीत. मार्चमध्ये पाणी थंड असतं, मासे सुस्त असतात. आम्ही तेव्हा सुरुवात केली आणि चार दिवस नुसतं पाणी पाहिलं. आई म्हणाली, “अगं, थंडीत कोण बाहेर पडतंय? ऊन तापू दे जरा.” तिचं खरं निघालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे अंगावर उभे काळे पट्टे आणि लालसर पर असलेला पर्च मासा अगदी काचेसमोर येऊन थांबला. कल्ले उघडत-मिटत होते. आईने माझा हात घट्ट धरला आणि ओरडली, “दाब, दाब!” पुढे ब्रीम आले, चपटे आणि ताटाएवढे रुंद. एकदा सापासारखी लांब वाम वळवळत गेली. मी बटणापर्यंत पोचेपर्यंत ती चौकटीबाहेर, आणि आईला ती हुरहुर दिवसभर लागली होती.

ज्यांना दर मिनिटाला काहीतरी घडायला हवं असतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये. बाकी प्रत्येकाला मी हे आग्रहाने सुचवेन, विशेषतः घरात लवकर उठणारं वडीलधारं माणूस असेल तर. मार्चमध्ये हंगाम सुरू होतो, पण खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये. फोनपेक्षा मोठा पडदा बरा, कारण गढूळ पाण्यात माशाची आधी फक्त सावली दिसते. खोलीतला दिवा बंद करा आणि पडद्याचा उजेड वाढवा. पान आणि मासा यांत पहिले काही दिवस गफलत होतेच. आईने त्यावर खूण शोधली आहे: पान पाण्यासोबत गिरक्या घेत जातं, मासा एका जागी अंग तोलून धरतो. तसं काही दिसलं की बटण दाबा.