कामं वाटायची की माणसं? वृद्धाश्रमातल्या मावशींच्या बाजूने तुलना

धायरीत, कोथरूडमध्ये किंवा हडपसरला वृद्धाश्रम चालवत असाल, तर ड्युटी लावताना हा प्रश्न तुमच्यापुढे येतोच. एक मावशी सगळ्यांच्या अंघोळी उरकते, दुसरी नाश्ता भरवते, तिसरी डायपर बदलते, ही झाली पहिली पद्धत. दुसरीत एका मावशीकडे ठरावीक पाच-सहा जण. त्यांचं उठणं, खाणं, औषधं, रुसवे, सगळं तिच्याकडे आणि वेळ ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे टॉम किटवूड डिमेन्शियाबद्दल, म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल, हेच कळकळीनं सांगत: आधी माणूस, मग आजार. यातून आजी-आजोबांचं भलं होतं, हे आता सहसा कुणी नाकारत नाही. मावशींचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

कामं वाटण्याची सोय खरी आहे. नवी मुलगी दोन दिवसांत तयार होते, ब्यूरोची बदली मावशी आली तरी अडत नाही. पण आमच्याकडच्या एक आजी अंघोळीला नेलं की पाण्याचा मग फेकून मारायच्या. मावशीच्या मनगटांवर नखांचे ओरखडे असायचे आणि सकाळी सहा वाजले की तिच्या पोटात गोळा यायचा. आजींच्या लेकीला विचारलं तेव्हा कळलं, त्या जन्मभर अंगावर लुगडं ठेवूनच अंघोळ करत आल्या. मग चहा झाल्यावर, खांद्यावरून मोठा पंचा पांघरून, आधी त्यांचाच हात कोमट पाण्यात बुडवून सुरुवात केली. आठवड्याभरात ओरखडे थांबले.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या रुग्णांवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. माणूस बघून शॉवर दिला तेव्हा मारण्या-ओरबाडण्याचे प्रसंग ५३ टक्क्यांनी घटले, पलंगावरच ओल्या टॉवेलांनी अंघोळ घातली तेव्हा ६० टक्क्यांनी. रोज मार खाणाऱ्या बाईसाठी हा फार मोठा फरक आहे. कामातलं समाधान वाढतं, थकवा कमी होतो, असंही बऱ्याच अभ्यासांत आढळतं. मात्र ते सगळे सारखे भक्कम नाहीत.

माणसं वाटली की दुसरं ओझं येतं. नातेवाइकांचे फोन थेट मावशीच्या मोबाइलवर येऊ लागतात. ती सुट्टीवर गेली की आजी जेवत नाहीत, म्हणून तिला सुट्टी मागायचाच संकोच वाटतो. आणि बारा तासांच्या ड्युटीत पंधरा जण तिच्याकडेच ठेवून वर 'प्रत्येकाचं मन सांभाळा' म्हणालात, तर ती दुप्पट थकेल. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी, हे मी मनापासून सांगते.

मावशीमागे माणसं कमी करता येत असतील, तर दुसरी पद्धत निवडा. एकदम सगळीकडे नको, एका मजल्यापासून सुरू करा. 'आज अंघोळ दुपारी' हे मॅनेजरला न विचारता ठरवायची मुभा मावशीला द्या. प्रत्येकासाठी जोडीची दुसरी मावशी ठेवा, म्हणजे सुट्टी अडणार नाही. आणि तिच्याकडचे आजोबा गेले, तर त्याच दिवशी त्यांच्या पलंगावर नवी चादर घालायला तिला लावू नका. ते काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा.