वुडस्टोव्ह एकदा भरला की किती तास चालतो? पाच महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घर गरम करायला लाकडावरचा स्टोव्ह बसवला, आता मार्च संपत आला. बाहेर अजून गुडघाभर बर्फ आहे, पण लिहायला पुरेसं हाताशी आलंय. आम्ही अमेरिकेत व्हरमाँटमध्ये राहतो, गाव डोंगरातलं. बर्फाच्या वादळात झाडं तारांवर पडतात आणि वीज जाते. घरात तेलावरची फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आहे, पण तिचा पंखा विजेवर चालतो. म्हणजे टाकीत तेल असूनही कुडकुडायचं. गेल्या हिवाळ्यात अशा दोन रात्री स्वयंपाकघरात रजया गुंडाळून काढल्या आणि स्टोव्ह घ्यायचं पक्कं झालं.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं या आकाराच्या कुठल्याही स्टोव्हला लागू पडेल. आमचा ओतीव लोखंडाचा, आतली जागा १.८ घनफूट. कॅटॅलिस्ट (धूर कमी तापमानालाच जाळणारा जाळीदार भाग) नाही. धूर जाळण्यासाठी आत वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या नळ्या आहेत, त्यातून तापलेली हवा येते आणि वर चाललेला धूर तिथेच पेट घेतो. लाकडापासून सुटून छताला लोंबकळणाऱ्या त्या ज्वाळा बघत बसावं अशा असतात. माहितीपत्रकात लिहिलं होतं, एकदा भरला की १२ तासांपर्यंत. त्यातला ‘पर्यंत’ आम्ही वाचलाच नाही.

पहिल्या रात्री साडेनऊला गच्च भरला, चांगला पेटल्यावर हवेची दांडी खाली आणली, म्हणजे आत जाणारी हवा कमी केली, आणि झोपलो. तीनला जाग आली ती नाक गार पडलं म्हणून. खाली येऊन बघते तर काचेतून लाल ठिपके दिसत होते आणि स्टोव्हवर हात टेकवता येत होता. साडेपाच तास! सकाळी दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “निखारे होते ना? मग जळतच होता की.” राग आला, पण त्याचं चुकत नव्हतं. ‘जळतोय’ म्हणजे काय, हे मीच ठरवलं नव्हतं.

मग वही घातली. बाथरूममधला वजनकाटा खाली आणला. लाकडं टोपलीत घालून मोजायची आणि मगच भरायची. दर वेळी तीन आकडे लिहायचे: ज्वाळा किती वेळ दिसल्या, स्टोव्हचा माथा १५० अंश सेल्सियसच्या वर किती वेळ राहिला, आणि काडी न ओढता नुसत्या निखाऱ्यांवर नवं लाकूड पेट घेईल अशी स्थिती किती वेळ टिकली. नवऱ्याने दोन आठवडे चेष्टा केली, नंतर रात्री दोनचा आकडा तोच लिहायला लागला.

सुक्या ॲशचं (झाडाचं नाव, राख नव्हे) ८ किलो लाकूड आमच्या स्टोव्हमध्ये नीट बसतं. त्याच्या ज्वाळा अडीच ते तीन तास, माथा १५० च्या वर साधारण पाच तास, निखारे आठ तास. शुगर मेपलचंही तसंच, निखारे थोडे जास्त तग धरतात. पांढऱ्या पाइनचं लाकूड हलकं, त्याच जागेत जेमतेम साडेपाच किलो मावतं. भडकन पेटतं, तीन तासांत स्टोव्ह निवायला लागतो. पाइनने चिमणी खराब होते असं इथले जुने लोक ठासून सांगतात, पण सुकं असेल तर तसं काही होत नाही. मी ते संध्याकाळी, घर पटकन तापवायला वापरते.

ॲश सध्या बरंच विकायला येतं, त्याचं कारण मात्र वाईट आहे. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २०१८ मध्ये व्हरमाँटमध्ये सापडला आणि तेव्हापासून झाडं मरतायत. जळणाबरोबर किडाही प्रवास करतो, म्हणून इथे लाकूड जवळपासचंच घ्यायची पद्धत आहे.

आता खरी गंमत. जानेवारीत लाकूड संपत आलं म्हणून एकाकडून एक कॉर्ड रेड ओक घेतलं. कॉर्ड म्हणजे १२८ घनफुटांची रास, ४ फूट रुंद, ४ उंच, ८ लांब. विकणाऱ्याने ‘सुकवलेलं’ म्हणून दिलं. पहिल्याच रात्री विक्रम झाला, साडेदहा तासांनीही ओंडके धुमसत होते! मी वहीत आकड्याभोवती गोल काढला. मग लक्ष गेलं की काच डांबरासारखी काळी झालीय, माथा एकदाही १५० ला पोचला नाही आणि खोलीत १४ अंश आहेत. एक ओंडका कुऱ्हाडीने फोडला आणि आतल्या ताज्या बाजूला ओलावा मोजायचं यंत्र टोचलं. ३१ टक्के. बाहेरून, सालीजवळ, तेच यंत्र १९ दाखवत होतं. ओलावा २० च्या आत हवा आणि ओकला त्यासाठी दोन-दोन वर्षं लागतात.

ओल्या लाकडाची आधी पाणी उकळण्यातच शक्ती जाते. आग थंड राहते, धूर न जळता वर जातो आणि चिमणीच्या गार भिंतीला डांबरासारखा चिकटतो. हेच क्रिओसोट. ते कधीतरी पेटलं तर चिमणीला आग. दुसऱ्याच आठवड्यात चिमणी साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने बादलीत काढून दाखवलेले चकचकीत काळे पापुद्रे मी अजून विसरले नाही. तोवरचा सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात वाईट लाकडाने दिला होता. वहीतला तो गोल खोडून टाकला.

त्या दिवशी साधा हिशेब करून पाहिला. तो दुकानातच करायला हवा होता. २० टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते, युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. ८ किलोची ३२ युनिट. पाव हिस्सा चिमणीतून जातो, उरली २४. ती १२ तास पुरवायची तर ताशी २ युनिट, म्हणजे दोन हजार वॅटचा एक हीटर. बाहेर उणे २० असताना आमच्या जुन्या, फटी असलेल्या घराला ताशी ५ तरी लागतात. म्हणजे पाच तास, वहीत आले होते तेवढेच. दांडी कितीही खाली ओढली तरी लाकडातली उष्णता वाढत नाही. शिवाय आताच्या स्टोव्हची हवा पूर्ण बंद होतही नाही. मे २०२० पासून इथे धुराची मर्यादा तासाला २ ग्रॅम आहे (ओंडके जाळून चाचणी केली तर २.५), त्यामुळे स्टोव्ह रात्रभर कोंडून ठेवण्याची जुनी युक्ती चालत नाही.

वर आणखी एक खोच आहे. बाहेर जितकी थंडी, तितकी चिमणी जोरात ओढते. म्हणजे ज्या रात्री जास्त वेळ चालायला हवा, त्याच रात्री लवकर संपतो.

फेब्रुवारीत आकडे अचानक घसरले. तेच ॲश, तेच वजन, पण माथा चार तासांतच १५० च्या खाली. दोन दिवस लाकडाला दोष दिला. मग दारात डॉलरची नोट अडकवून दार लावलं आणि नोट ओढून पाहिली. चारी बाजूंनी असं करत गेले. तीन बाजूंना नोट घट्ट धरली जात होती, बिजागरीखालच्या कोपऱ्यात मात्र अलगद सुटून हातात आली. दाराभोवतीची दोरीसारखी गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) तिथे दबून सपाट झाली होती, म्हणून जास्तीची हवा आत जाऊन लाकूड लवकर जळत होतं. जुनी खरवडून काढली, नवी चिकटवली. तासभर परत मिळाला. स्टोव्ह नवा असला तरी ही तपासणी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आईला फोनवर हे सगळं सांगत होते. ती चिपळूणजवळच्या घरात चुलीवर वाढलेली. म्हणाली, “अगं, विस्तव उघडा कशाला ठेवतेस? राखेखाली झाक की!” लहानपणी आजी रात्री निखारे राखेत पुरायची आणि पहाटे फुंकणी घेऊन त्यावरच बंब पेटवायची, ते आठवलं. करून पाहिलं. रात्री साडेनऊला भरलेलं लाकूड; पहाटे पाचला उरलेले निखारे मागच्या कोपऱ्यात ओढले आणि वर राख लोटली. पावणेदहाला उकरलं तर सुपारीएवढे चार निखारे लालबुंद. १२ तास भरले! खोलीत तेव्हा १५ अंश होते, ती गोष्ट वेगळी.

मग घ्यावा का? वीज जाणाऱ्या भागात असाल तर जरूर घ्या, मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. रात्रभर न उठता घर गरम हवं असेल तर मात्र ३ घनफुटांच्या आसपासचा, शक्यतो कॅटॅलिस्टवाला बघा. त्यातला धूर साधारण २६० अंशांनाच जळायला लागतो, म्हणून तो खरोखर मंद चालू शकतो. पण लहान घरात तो ऑक्टोबरमध्येच घाम काढेल. राखेची बादली झाकणाची आणि पत्र्याचीच घ्या, ती लाकडी डेकवर ठेवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या आधी लावा.

आम्ही आता साडेनऊऐवजी अकराला भरतो. सकाळी सहाला निखारे असतात, त्यावर दोन फाटे ठेवले की चहा होईपर्यंत ज्वाळा येतात. ओलं ओक गोठ्यामागे पत्र्याखाली रचलंय, वर खडूने तारीख घातलीय. पुढचा हिवाळा सोडून त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वजनकाटा पुन्हा खाली येईल.