गणित विभागाचे शुक्रवारचे सेमिनार : साडेतीन स्टार, आणि तेही फळ्यामुळे

हॉटेलचे, गॅरेजचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, म्हटलं आपण सेमिनारचा टाकू. आमच्या बडोद्यातल्या एका विद्यापीठाच्या गणित विभागात दर शुक्रवारी ४ वाजता बाहेरचं नाहीतर तिथलंच कोणीतरी आपल्या रिसर्चवर बोलतं. नाव लिहीत नाही, कारण पुढे जरा वाकडं बोलायचंय आणि मला तिथे परत जायचंय. मी तिथला कोणी नाही हो. एमएस्सी करून २२ वर्षं झाली, मकरपुऱ्याला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, फर्स्ट शिफ्ट असली की ३ ला सुटतो आणि दांडिया बाजारला घरी जायच्या आधी तिथे डोकावतो. वर्षभरात पंधरा-सोळा टॉक ऐकले असतील. पैसे नाहीत, आयकार्ड कोणी मागत नाही, मागच्या बाकावर बसलो की निम्म्या पोरांना वाटतं मी परीक्षक आहे.

आधी तक्रारी. एक नंबर, स्लाइड्स. पन्नास मिनिटांचा टॉक आणि सत्तर स्लाइड्स, त्यातली पहिली दहा मिनिटं केबल बसत नाही म्हणून जातात, भिंतीवर निळा चौकोन आणि खाली तीन प्राध्यापक वाकलेले. मग सर सुरू करतात ते थेट व्याख्येवर, व्याख्या वाचून व्हायच्या आत पुढची स्लाइड, आणि चौदाव्या स्लाइडवर जे अक्षर येतं ते तिसरीवर काय म्हणून धरलं होतं हे आता सांगणार कोण? फळ्यावर निदान ते कोपऱ्यात तसंच राहतं, मान वळवली की दिसतं. शिवाय हाताने लिहायचं म्हटलं की माणसाचा वेग आपोआप ऐकणाऱ्याएवढा होतो. "वेळ कमी आहे, प्रूफ सोडतो" हे वाक्य मी एकदा सहाव्या मिनिटाला ऐकलंय.

दुसरी तक्रार नोटिशीची. जागा बदलली तर ते फक्त त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मार्चमध्ये हाफ डे टाकून गेलो तर खोलीला कुलूप, टॉक बाजूच्या बिल्डिंगमध्ये चालू होता हे शिपायाने पाच वाजता सांगितलं. हाफ डे गेला तो गेलाच.

मग साडेतीन कशाचे? एका टॉकचे म्हणा ना. पुण्याहून एक बाई आलेल्या, विषय लॅटिन स्क्वेअर, म्हणजे चौकटीत चिन्हं अशी भरायची की आडव्या-उभ्या कुठल्याही ओळीत एकही रिपीट होत नाही. त्यांचा पेनड्राइव्ह त्या कॉम्प्युटरने घेतलाच नाही, (देव आहे!) बाईंनी दोन मिनिटं वाट बघितली, पदर खोचला आणि विचारलं पत्त्यांचा कॅट आहे का कोणाकडे. हॉस्टेलची पोरं एकमेकांकडे बघायला लागली, शेवटी एकाने बॅगेतून काढला. एक्का, राजा, राणी, गुलाम, चारही रंगांचे, सोळा पत्ते टेबलावर. लावायचे असे की आडव्या-उभ्या कुठल्याही ओळीत पत्ताही रिपीट नको आणि रंगही नको, म्हणजे पत्त्यांचा एक आणि रंगांचा एक असे दोन लॅटिन स्क्वेअर एकमेकांवर बसवायचे. पहिली ओळ इस्पिकचा एक्का, बदामचा राजा, चौकटची राणी, किलवरचा गुलाम. दुसरी चौकटचा राजा, किलवरचा एक्का, इस्पिकचा गुलाम, बदामची राणी. खालच्या दोन ओळी पोरांनी लावल्या, भांडून.

मग चाराचे सहा केले. सहा रेजिमेंट, सहा हुद्दे, ३६ अधिकारी, तसेच उभे करा. ऑयलर हा गणितज्ञ १७८२ च्या पेपरात म्हणाला जमत नाही, आणि पुढे जाऊन म्हणाला ४ ने भागून २ उरतात अशा कुठल्याच आकड्याला, म्हणजे १०, १४, १८ लाही, जमणार नाही. सहाचं १९०१ मध्ये टॅरी नावाच्या फ्रेंच माणसाने हाताने एकेक केस तपासून खरं करून दाखवलं, पहिली आडवी आणि पहिली उभी ओळ क्रमाने लावलेलीच धरली तरी सहाचे ९४०८ लॅटिन स्क्वेअर होतात, करा हिशोब. आणि १९५९ ला बाकी सगळं कोसळलं. बोस आणि श्रीखंडे या आपल्याकडच्या दोन गणितज्ञांनी २२ चा बसवून दाखवला, पार्करने १० चा, आणि मग तिघांनी मिळून २ आणि ६ सोडून सगळ्यांचंच जमतं हे सिद्ध केलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी. श्रीखंडे म्हणजे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, १९१७ चा जन्म सागरचा, कॉलेज नागपूरला, २०२० मध्ये १०२ वर्षांचे होऊन गेले. मी एमएस्सी झालेला मराठी माणूस, आणि हे नाव मला त्या दिवशी कळलं, लाज वाटली खरं सांगतो.

आणि गंमत म्हणजे हेच मी कंपनीत करतो! चार ऑपरेटर, चार मशीन, मटेरियलचे चार लॉट, चार टेंपरेचर, सगळी कॉम्बिनेशन्स घ्यायची तर २५६ ट्रायल, पत्त्यांसारखं लावलं, म्हणजे ऑपरेटर आडव्या ओळी, मशीन उभ्या, लॉट म्हणजे पत्ता आणि टेंपरेचर म्हणजे रंग, तर १६ (फॅक्टर एकमेकांत लुडबुड करत नाहीत असं धरून, नाहीतर आपटतो). सॉफ्टवेअर तक्ता काढून देतं म्हणून कधी विचारच केला नव्हता तो येतो कुठून.

शेवटी बीएस्सीच्या एका मुलीने विचारलं, दहाचे दोन लॅटिन स्क्वेअर असे एकमेकांवर बसले, तर कुठलेही दोन घेतले तरी बसतील असे तीन जमतील का? बाई म्हणाल्या माहीत नाही, कोणालाच नाही, अजून. त्या एका उत्तरावर पोरं चहा गार होईपर्यंत बोलत होती. परत जाताना कळलं की त्या ३६ अधिकाऱ्यांचं क्वांटम उत्तर २०२२ मध्ये निघालंय आणि त्यात आयआयटी मद्रासची मंडळी आहेत, पण ते मला समजलं नाही, स्लाइडवर असतं तरी नसतं समजलं.

जायचं असेल तर: नोटीस बुधवारी विभागाच्या बोर्डावर लागते, तरी शुक्रवारी दुपारी ऑफिसात फोन करून खोली विचाराच. चहा पावणेचारला, बरोबर खारी, उशिरा गेलात तर फक्त चुरा. आत शिरताना बघून घ्या, टेबलावर लॅपटॉप दिसला तर दाराजवळचं बाक पकडा, नुसताच खडू दिसला तर पुढचं.