पंधरा बारचे यंत्र आणि दुधाचा फेस

फोंड्यातील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या एस्प्रेसो यंत्राला आता वर्ष झाले. पंधरा हजारांच्या आतल्या बहुतेक घरगुती यंत्रांप्रमाणे याच्याही खोक्यावर ‘15 बार’ हेच शब्द सर्वांत ठळक होते. बार हे दाबाचे एकक, आणि एस्प्रेसो म्हणजे दाबाने उतरवलेली दाट कॉफी उतरायला सुमारे 9 बार दाब पुरतो, त्यामुळे त्या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. ज्या घरात कॅपुचिनो, म्हणजे फेसाळ दूध घातलेली एस्प्रेसो, प्यायली जाते तिथे यंत्राची पारख होते ती दूध तापवून फेसाळण्यासाठी बाजूला लोंबणाऱ्या वाफेच्या नळीवरून, आणि तिच्याविषयी खोक्यावर चकार शब्द नव्हता.

ही नळी येते तशीच वापरली तर निराशाच पदरी पडते. तिच्या टोकावर एक जाड नळकांडी चढवलेली असते आणि नळकांडीच्या वरच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. वाफ जोराने खाली जाताना या छिद्रातून हवा आपोआप आत ओढली जाते, म्हणजे नवशिक्याला फारसे काही करावे लागू नये अशी ही सोय आहे. प्रत्यक्षात छिद्र दुधाच्या वर राहिले की हवा बेसुमार शिरते आणि धुण्याच्या साबणासारखा भरभरीत फेस होतो. छिद्र दुधात बुडाले की दूध नुसते तापते. पहिले दोन महिने आमच्या कपात खाली पातळ दूध आणि वर चमच्याने खावा लागणारा फेस, असे दोन वेगळे पदार्थ असत.

एकदा धुण्यासाठी काढलेली नळकांडी परत न बसवताच मी वाफ सोडली आणि यंत्राविषयीचे माझे मत बदलले. आतली नळी बोटभर लांबीची आणि एकाच छिद्राची आहे. आधी थोडी वाफ रिकाम्या भांड्यात सोडून नळीत साचलेले पाणी काढून टाकावे आणि मग टोक गार दुधाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल असे धरावे. कागद हळूहळू फाडल्यासारखा आवाज येऊ लागला की हवा बेताने जात आहे असे समजावे. टोक फार वर आले तर दूध खदखदून उडते आणि फार खोल गेले तर नळी किंचाळते. भांडे हाताला कोमट लागताच टोक किंचित खोल आणि कडेला न्यावे, म्हणजे दूध भोवऱ्यासारखे फिरू लागते आणि मोठे बुडबुडे मोडून आत जिरतात. भांड्याला हात लावून ठेवणे असह्य झाले की वाफ बंद करावी. तेव्हा दूध साधारण 60 अंशांच्या आसपास असते. 70 च्या पुढे गेले की गोडवा हरवतो आणि उकळलेल्या दुधाचा वास येऊ लागतो.

उकळण्यावरून घरात थोडा वादही झाला, कारण पिशवी आली की दूध तापवलेच पाहिजे, हा सासूबाईंचा नियम. तापवून गार केलेल्या दुधातली साय कितीही गाळली तरी तिचे कण ओतताना कपात तरंगतात. पिशवीतले दूध पाश्चराइज्ड असल्यामुळे आता गोवा डेअरीची अर्ध्या लिटरची एक पिशवी न तापवता फ्रिजमध्ये वेगळी ठेवली जाते, आणि सासूबाई तिला ‘कॉफीचे कच्चे दूध’ म्हणतात. 3 टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाचा फेस चटकन होतो, कारण फेस धरून ठेवतात ती मुळात प्रथिने. पण जिभेवर जो दाटपणा हवा तो 6 टक्क्यांच्या फुल क्रीम दुधातच मिळतो.

यंत्राबरोबर आलेल्या स्टीलच्या भांड्याची चोच बोथट आहे, तिच्यातून धार नेमकी पडत नाही. मी 350 मिलिलिटरचे वेगळे पिचर घेतले. दूध रंग ओला असावा तसे चकाकेपर्यंत घोळवून, कप तिरका धरून, प्रथम थोड्या उंचीवरून बारीक धार सोडली की दूध कॉफीच्या तांबूस थराखाली जाते. कप अर्ध्याहून अधिक भरल्यावर चोच अगदी जवळ आणून धार वाढवली की पांढरा ठिपका वर येतो आणि शेवटी धार पुढे ओढली की त्याचे हृदय होते. माझे हृदय अजून काजूच्या बीसारखे एका बाजूला वाकते, पण तो दोष यंत्राचा नाही.

यंत्राचा खरा दोष असा की वाफ काढल्यावर ते इतके तापलेले असते की लगेच उतरवलेली कॉफी कडू जळकट लागते. म्हणून कॉफी आधी उतरवावी आणि दूध नंतर करावे. नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वाफ सोडावी लागते, नाही तर छिद्रात दूध वाळून बसते. शिवाय एका दमात 200 मिलिलिटरच्या पलीकडे वाफेचा जोर टिकत नाही. एकट्याने किंवा दोघांनी सकाळी कॉफी घ्यायची असेल, आणि नळकांडी काढून थोडे दूध वाया घालवण्याची तयारी असेल, तर मी हे यंत्र घ्या असे सांगेन. चार पाहुणे आले की आम्ही चहाच टाकतो.